कारण : गांजा

महाशिवरात्रीला थंडाईचा पहिला पेला पोटात जातो. अर्धा तास काहीच होत नाही. 'यात दम नाही' म्हणत दुसरा पेला घेतला जातो. पण पोटातून गेलेली भांग चढायला तास-दोन तास लागतात, आणि तोवर दुसरा पेलाही मागून निघालेला असतो. मग दोन्ही एकदम येतात. नाडी मिनिटाला २० ते ५० ठोके जास्त पळू लागते, तोंडाला कोरड पडते, घड्याळाचा काटा हलेनासा होतो आणि आपण आता मरतोय याची खात्री पटते. घरातलं कुणीतरी उतारा म्हणून लिंबू नाहीतर चिंच चोखायला देतं. सकाळपर्यंत ओसरतं. डॉक्टर याला पॅनिक अटॅक म्हणतील. आणि याच झाडाच्या पानांचा अर्क 'विजया' या नावाने, ड्रॉपरच्या छोट्या बाटलीत, चिंता आणि निद्रानाशावर म्हणून ऑनलाइन विकला जातो. मग हे झाड चिंता घालवतं की आणतं?

विक्रेत्यांच्या मजकुरात अथर्ववेद हमखास असतो. अकराव्या कांडात दर्भ आणि जवासोबत 'भंग' येतो, आणि या वनस्पतींनी आम्हाला 'अंहस्'पासून सोडवावं अशी प्रार्थना आहे. अंहस् म्हणजे कोंडी, संकट, पाप. 'अँग्झायटी' हा शब्द याच धातूच्या दूरच्या गोतावळ्यातला, त्यामुळे 'वेदकाळी भांग चिंतेवरचं औषध होती' हे भाषांतर सहज खपून जातं. तिथे ना रोगाचं लक्षण आहे ना मात्रा. संकटनिवारणाच्या प्रार्थनेचं प्रिस्क्रिप्शन करायचं कारण नाही.

खरी नोंद सुरू होते ती इंग्रजांच्या वेडाच्या इस्पितळांत, आणि तिथेच सगळा घोळ आहे. १८९३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानातल्या गांजा-भांगेच्या परिणामांबद्दल प्रश्न विचारला गेला. त्याच वर्षी सात जणांचा आयोग नेमला गेला, त्यात तीन हिंदी सभासद. त्यांनी १,१९३ साक्षी घेतल्या. पण माझ्या मते त्यांचं मोठं काम वेगळंच होतं: इस्पितळांची रजिस्टरं घेऊन ते एकेका नोंदीच्या मागे गेले.

मुंबई इलाख्यात तेव्हा कुलाबा, पुणे, रत्नागिरी अशा ठिकाणी ही इस्पितळं होती. रोग्याबरोबर एक छापील कागद येई आणि त्यात वेडाचं कारण लिहायचा रकाना असे. रस्त्यात बरळत फिरणारा, ना गाव ना नातेवाईक, असा माणूस ठाण्यात आणला की तो रकाना भरायचा कुणी? बहुधा पोलिसाने. रकाना मोकळा ठेवला तर वरून विचारणा. माणूस बैराग्यासारखा दिसतोय, जवळ चिलीम सापडली, किंवा कुणीतरी 'ओढायचा' म्हणालं; लिहून टाकलं, 'कारण : गांजा'. इस्पितळातल्या साहेबाने तेच रजिस्टरात उतरवून घेतलं. वर्षअखेरीस त्यांची बेरीज झाली आणि बेरजेचं शास्त्र झालं.

हिंदुस्थानभरच्या इस्पितळांतल्या १८९२ सालच्या १,३४४ भरतींपैकी २२२ गांजा-भांगेच्या नावावर होत्या. आयोगाने एकेक प्रकरण उकरल्यावर ९८ उरल्या, आणि त्यातही फक्त गांजाच कारण आहे असं म्हणता येईल अशा ६१. निष्कर्ष असा निघाला की बेताने घेणाऱ्याच्या मनावर अपाय होत नाही; अति घेणाऱ्याचा मुळातला कमकुवतपणा मात्र बळावतो. हा अहवाल आजही दोन्ही बाजू आपापल्या सोयीने काढतात. 'बेताने' हा शब्द एक वाचतो, 'अति' दुसरा.

आपल्या प्रश्नाला मात्र त्या अहवालात जागाच नव्हती. दोन तास छाती धडधडून, भिंतीला पाठ लावून बसलेला माणूस कुठल्याही रजिस्टरात गेला नाही. जो दगड मारतो त्याला ठाण्यात नेतात. भेदरलेला घरीच लिंबू चोखत राहतो.

त्याच्याकडे लक्ष गेलं ते १९६०-७० च्या दशकांत, अमेरिकेतली कॉलेजची मुलं गांजा ओढू लागल्यावर. १९६७ साली एका समाजशास्त्रज्ञाने मांडलं की नवखा माणूस घाबरतो ते शेजारी कुणी जाणकार नसतो म्हणून. 'हे असंच होतं, उतरेल' असं सांगणारा असला की घबराट वेड ठरत नाही. १९७० मध्ये एका डॉक्टरने लिहिलं की गांजाचे म्हणून येणारे बहुतेक तातडीचे रोगी वेडे नसून निव्वळ घाबरलेले असतात, आणि त्यांना धीर दिला की पुरतं. पॅनिकचा विकार अमेरिकन निदानसूचीत स्वतंत्रपणे आला तो १९८० साली. त्याआधीच्या कागदात तो शोधूनही सापडणार नाही.

पुढची चाळीस वर्षं प्रयोगशाळेची. टीएचसी हा नशेचा घटक १९६४ मध्ये वेगळा काढला गेला होता. १९८८ मध्ये तो मेंदूत जिथे बसतो ती जागा सापडली, आणि १९९२ मध्ये शरीर स्वतःच तयार करतं ते त्याच्या जोडीचं रसायन. त्याला नाव दिलं ॲनंडमाइड, संस्कृत 'आनंद'वरून. मेंदूत भीतीचा कारभार पाहणाऱ्या अमिग्डाला या भागातही याच जागा आहेत. त्या बंद करून भूक मारणारं एक वजनाचं औषध २००६ मध्ये युरोपात आलं. २००८ मध्ये ते थांबवावं लागलं, कारण घेणाऱ्यांना चिंता आणि नैराश्य येऊ लागलं. म्हणजे ही यंत्रणा मन थाऱ्यावर ठेवते. पण ती बाहेरून जोरात ढवळली तरी मन थाऱ्यावर राहतं, असं त्यावरून निघत नाही.

शिकागोतल्या २०१७ च्या प्रयोगाने ते नेमकं दाखवलं. ४२ निरोगी माणसांना गोळी देऊन अनोळखी परीक्षकांपुढे बोलायला आणि गणित करायला लावलं. ७.५ मिलिग्रॅम टीएचसी घेतलेल्यांचा ताण कमी झाला. १२.५ मिलिग्रॅमवाल्यांचा मूड प्रसंगाच्या आधीपासूनच बिघडला. पाच मिलिग्रॅमचा फरक! दुसरा घटक सीबीडी उलट दिशेचा. १९८२ मध्येच ब्राझीलमध्ये दिसलं होतं की तो टीएचसीने आलेली चिंता कमी करतो. बाजाराने वाण निवडले ते मात्र टीएचसी वाढवणारे. अमेरिकेत जप्त मालात १९९५ ला साधारण ४ टक्के टीएचसी असे, २०१४ ला १२ टक्के. आजोबांचा अनुभव नातवाच्या कामाचा नाही तो यामुळे.

'मी रोज ओढतो म्हणून शांत असतो' या दाव्याची दुसरी बाजूही उशिरा नोंदली गेली. रोजच्या सवयीनंतर एकदम सोडलं की चिडचिड, झोप न लागणं आणि चिंता येते. हे लक्षणसमूह म्हणून निदानसूचीत २०१३ ला आलं. रात्री न ओढल्याने आलेली चिंता ओढल्यावर जाते, आणि माणसाला तो इलाजाचा पुरावा वाटतो.

आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस या अंमली पदार्थांच्या कायद्याने झाडाचे तुकडे केले. फुलांचे शेंडे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, दोन्ही गुन्हा. शेंड्यांशिवायची पानं व्याख्येबाहेर, म्हणून भांग राज्यांच्या कायद्याकडे गेली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तिला परवाना लागतो. 'विजया'ची बाटली याच फटीतून येते. पानात टीएचसी कमी असतं, नसतं असं नाही. अर्क काढल्यावर तर किती उरलं हे लेबल वाचूनच कळायचं. २०१९ च्या देशव्यापी पाहणीत वर्षभरात भांग घेतलेले सुमारे २.२ कोटी आणि गांजा-चरसवाले १.३ कोटी निघाले.

यातलं कुणी रात्री छाती धरून इस्पितळात पोचलं, तर ईसीजी निघतो आणि तो नॉर्मल येतो. गांजा-चरसचं सेवन हाच गुन्हा असल्याने बरोबर आलेले मित्र सहसा गप्प राहतात. कागदावर ॲसिडिटी लिहिली जाते. १८९२ चा पोलीस गांजा न विचारता लिहीत असे, आता विचारूनही कुणी लिहू देत नाही.