नाशिकची वाइन ट्रिप बुक करताय? आधी दिशा ठरवा, मग यादी करा

आमच्याकडे गाडीसाठी फोन येतो त्यात निम्म्या वेळा एकच वाक्य असतं, "शनिवारी सकाळी येतोय, त्र्यंबक करू, मग दोन-तीन वायनरी, जमलं तर वणी, आणि रात्रीच्या गाडीने परत." आम्ही नाही म्हणतो तेव्हा समोरच्याला वाटतं की डिझेल वाचवायला बघतायत, म्हणून हे एकदा नीट लिहून काढलंय. बुकिंग करण्याआधी पाच मिनिटं देऊन वाचा, तुमचा अख्खा दिवस वाचेल.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की वायनरी सगळ्या एकाच रस्त्यावर आहेत, म्हणजे एकातून निघालं की समोर दुसरी. तसं नाहीये. सुला, यॉर्क आणि सोमा गंगापूर धरणाच्या बाजूला, म्हणजे शहराच्या पश्चिमेला. दिंडोरीचा पट्टा उत्तरेला, साधारण पंचवीस किलोमीटरवर. विंचूरचा वाइन पार्क पूर्वेला निफाडच्याही पुढे, तिकडे पन्नासच्या आसपास जातं. आणि ग्रोव्हर झाम्पा, व्हॅलोने ह्या सांजेगावच्या बाजूला, म्हणजे इगतपुरी तालुक्यात, मुंबईच्या वाटेवर. मोबाइलच्या मॅपवर ह्या सगळ्या खुणा एका स्क्रीनवर मावतात त्यामुळे जवळजवळ वाटतात, पण प्रत्येक वेळी दिशा बदलली की मधे नाशिक शहर ओलांडावं लागतं, आणि शहरच तुमचा वेळ खातं. त्यात २०२७ च्या सिंहस्थाची कामं, कुठला रस्ता कधी अर्धा बंद असेल ते आम्ही पण त्या दिवशी सकाळी बघूनच सांगतो.

अजून एक, नाशिकरोड स्टेशन म्हणजे नाशिक शहर नव्हे. स्टेशन एका टोकाला आणि गंगापूर धरण दुसऱ्या टोकाला. मुंबईहून वंदे भारतने आलात तर नऊच्या सुमारास उतराल, पण नऊला उतरलो म्हणजे साडेनऊला वायनरीत हा हिशोब धरू नका, आणि धरलात तरी तिथे इतक्या सकाळी टेस्टिंग चालू नसतंच.

आता त्र्यंबक, धरणाकडची वायनरी आणि वणीचा गड एका दिवसात घातले तर नुसतं ड्रायव्हिंगच पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर होतं. आपलं पॅकेज आठ तास ऐंशी किलोमीटरचं, म्हणजे एक्स्ट्रा तास आणि एक्स्ट्रा किलोमीटर दोन्ही लागणार आणि संध्याकाळी बिल बघून तुम्हीच नाराज होणार. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्र्यंबकची रांग. सोमवार, सुट्टी, श्रावण असेल तर ती किती तास घेईल हे कोणीच सांगू शकत नाही, आणि रांगेत उशीर झाला की पुढची सगळी बुकिंग्ज कोसळतात. वर घरात आजी-आजोबा बरोबर असले की दर्शनाच्याच दिवशी वाइन कशाला हा विषय गाडीत निघतो, आणि तो निघाला की कोणाचाच मूड राहत नाही. दोन वेगळे दिवस करा. त्र्यंबकच्या दिवशी त्र्यंबक, अंजनेरी, हवं तर पहिने, आणि निवांत परत.

म्हणून आमचा नियम एकच, एक दिवस एक दिशा, आणि त्या दिशेला जास्तीत जास्त दोन वायनरी. तिसरी मागितलीत तर आम्ही नको म्हणू. एका टेस्टिंगमध्ये चार-सहा प्रकार असतात, आधी स्पार्कलिंग, मग व्हाइट, रोझे, रेड आणि शेवटी गोड. घोट छोटे असले तरी तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत जीभ थकलेली असते आणि टूरमध्ये पण त्याच स्टीलच्या टाक्या, तेच ओकचे बॅरल, तीच माहिती. तो वेळ जेवणाला आणि गावाला द्या. नाशिक बघायला यायचं कारण बाटली एकटी नाहीच, आणि जे अजिबात पीत नाहीत त्यांना तर आम्ही मुद्दाम सांगतो की या, तुमचा दिवस जास्त चांगला जाईल.

गंगापूर धरणाच्या बाजूचा दिवस आम्ही असा लावतो. सकाळी आधी मिसळ. नाशिकला येऊन हॉटेलचा बुफे ब्रेकफास्ट खाणं म्हणजे खरंच वाया घालवणं आहे. मखमलाबाद-गंगापूर रोडच्या बाजूला द्राक्षबागेत टेबलं टाकलेल्या, चुलीवर रस्सा करणाऱ्या जागा आहेत. ताट येतं त्यात मटकी, वर शेव, बाजूला भाजका पापड, दह्याची वाटी, पाव, आणि काळा रस्सा वेगळ्या भांड्यात. सगळा रस्सा एकदम ओतू नका, आधी चमचाभर चाखा, कारण तिखट हळूहळू चढतं. बऱ्याच ठिकाणी शेजारी जिलबीही मिळते, ती घ्याच. फक्त मिसळ आणि टेस्टिंगमध्ये दोन-अडीच तासांचं अंतर ठेवा. तिखटाने बधिर झालेल्या जिभेला शेनिन ब्लाँसारखी व्हाइट वाइन काय आणि पाणी काय, सारखंच लागतं, आणि मग लोक म्हणतात की इथली वाइन पाणचट आहे. त्या मधल्या वेळात धरणाचं पाणी बघा, गिरणाऱ्याकडे एक चक्कर मारा, मग जेवणाच्या आधी एक टेस्टिंग, जेवण, आणि ऊन कलल्यावर दुसरी वायनरी. शनिवार-रविवारी दुपारनंतर त्या रस्त्याला गर्दी होते त्यामुळे जेवणाचं टेबल आधी बुक लागतंच, ते आम्ही करून ठेवतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

पूर्वेचा, म्हणजे निफाड-विंचूरचा दिवस फार कमी लोक मागतात आणि आमच्या मते थंडीत तोच सगळ्यात भारी आहे. पहाटे निघायचं, नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायचे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा आहे, २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. उजाडताना तिथे पोचलं पाहिजे, दहा वाजता जाऊन पक्षी दिसत नाहीत म्हणू नका. निफाडची थंडी पेपरात वाचली असेलच, डिसेंबर-जानेवारीत पारा राज्यात सगळ्यात खाली बऱ्याचदा तिथेच जातो. त्या दिवसात रस्त्याने जाताना बागांमधून धूर दिसतो, लोकांना वाटतं कचरा जाळतायत. तसं नाही, कडाक्याच्या थंडीने मण्यांना तडे जातात म्हणून शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू ठेवतात, सबंध वर्षाचं पीक त्या दोन-तीन तासात राखत बसतात. हे बघितलं की द्राक्षाच्या किलोमागचा भाव वेगळा वाटायला लागतो. तिथून विंचूर, आणि परतीला वेळ असेल तर लासलगावच्या कांद्याच्या मार्केटचा लिलाव, मात्र तो बाजाराच्या दिवशीच.

इगतपुरीकडच्या वायनरी मुंबईकरांनी परतीच्या दिवशी ठेवाव्यात. सामान गाडीत टाकायचं, सांजेगावला थांबायचं, तसंच पुढे घाटाने खाली. पावसाळ्यात तर हीच बाजू धरा, भावली धरण, धबधबे, ढगात गेलेले डोंगर.

आणि एक संध्याकाळ जुन्या नाशिकला ठेवा, गाडी लांब लावून पायी. पंचवटी, काळाराम मंदिर, जिथे १९३० मध्ये बाबासाहेबांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला, सराफ बाजार, तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानं. सायंताराचा साबुदाणा वडा, बुधा हलवाईची जिलबी, घरी न्यायला कोंडाजीचा चिवडा. ह्या गल्ल्यांत आमची गाडी शिरत नाही, तेव्हा दारापर्यंत सोडा हा आग्रह धरू नका.

"द्राक्षं दिसतील ना?" हा दुसरा रोजचा प्रश्न. जानेवारी ते मार्च या, दिसतील. नाशिकला वेलाची दोनदा छाटणी होते आणि पीक एकदाच येतं, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी, घड येतात ते ह्या दुसऱ्या छाटणीनंतर. त्यामुळे जून-जुलैला आलात तर हिरवीगार पानं मिळतील, घड नाही. वायनरीचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, बियांचं असतं, आपण खातो ते थॉमसन किंवा सोनाका वेगळं. द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम सीझनमध्ये काही वायनरीत असतो, तो हौसेचा आहे, पोरांना आवडतो, तारीख आधी विचारून घ्या.

इथे एक कळकळीची विनंती. रस्त्यालगतची बाग ही वायनरीची नसते, ती कोणाची तरी स्वतःची असते. फोटोसाठी तारेतून आत शिरून घड धरू नका. मण्यावर जी पांढरट लव असते ती बोट लागलं की पुसली जाते आणि एक्सपोर्टच्या मालात तेवढ्यावर घड बाजूला पडतो. शिवाय फवारणी कधी झालीय ते तुम्हाला माहीत नसतं, तोडून तोंडात टाकणं तुमच्यासाठी पण बरं नाही. आमच्या ओळखीच्या बागा आहेत, आधी सांगितलंत तर मालकाला विचारून आत नेतो. कात्रीने घड कसे काढतात, खराब मणी कसे काढून टाकतात, कॅरेटमध्ये कागद घालून कसे रचतात हे सगळं बायका काम करता करता दाखवतात, आणि तिथेच वजनावर द्राक्षं विकत घेता येतात.

तारखेचं एक लक्षात ठेवा. २६ जानेवारीला ड्राय डे असतो. ऐन सीझनचा लाँग वीकेंड, लोक मुंबई-पुण्याहून हौसेने येतात आणि टेस्टिंग बंद. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरलाही तेच. त्या तारखा धरून येणार असाल तर तो दिवस त्र्यंबक, सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर किंवा पांडवलेणीला लावून देतो. वयाचा दाखला असलेलं ओळखपत्र सगळ्यांनी जवळ ठेवा, टेस्टिंगला विचारतात.

स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांना आम्ही नुसता ड्रायव्हर पण देतो. "दोन घोटांनी काय होतंय" असं म्हणू नका, कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच मर्यादा आहे आणि दोन टेस्टिंगनंतर ती कधी ओलांडली हे कळत नाही. धरणाकडचे रस्ते अंधारात अरुंद आहेत, ट्रॅक्टर-ट्रॉली मागच्या लाइटशिवाय चालतात. आमचे ड्रायव्हर ह्याच भागातले आहेत, कुठे चहा चांगला आणि कुठे बायकांसाठी टॉयलेट स्वच्छ हे त्यांना विचारा.

शेवटच्या क्षणी दिशा बदलणं आम्ही घेत नाही, कारण टेबल, टेस्टिंग आणि बागेचा मालक ह्या तिघांना शब्द दिलेला असतो. फोन करताना एवढं सांगा: किती जण, त्यात पिणारे किती, वयस्कर किंवा लहान मुलं आहेत का, कुठल्या गाडीने येणार, आणि परत कधी निघायचंय. कुठल्या वायनरी हव्यात ही यादी नंतर, आधी दिशा ठरवू. दोन दिवस असतील तर दोन दिशा, आणि दुसऱ्या दिवसाला दर थोडा कमी लावतो.