शिंबावंत कुल : वैज्ञानिक संशोधन

शेंगा धरणाऱ्या वनस्पतींचे शिंबावंत कुल हे सपुष्प वनस्पतींतील ऑर्किड व सूर्यफूल यांच्या कुलांखालोखालचे मोठे कुल असून त्यात सुमारे ७७० प्रजाती आणि १९,५०० च्या आसपास जाती मोडतात. हरभरा, वाटाणा, सोयाबीन, भुईमूग ही पिके, क्लोव्हर व लसूणघास ही चाऱ्याची पिके आणि चिंच, बाभूळ, पळस हे वृक्ष याच कुलातील आहेत. या कुलातील बहुसंख्य वनस्पती मुळांवरच्या गाठींत जीवाणू सांभाळतात आणि त्यांच्याकरवी हवेतील नत्र वापरतात. या एका गुणाने संशोधकांना जितके गुंतवून ठेवले, तितके या कुलातील दुसऱ्या कशानेही ठेवलेले नाही.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८३८ मध्ये असे दाखवले की, नत्र नसलेल्या वाळूत वाढवलेल्या क्लोव्हर व वाटाण्याच्या रोपांत बियाण्यात होता त्याहून अधिक नत्र भरतो, गव्हात मात्र तशी वाढ दिसत नाही. पुढे १८५० च्या दशकात त्यांनी माती भाजून आणि रोपे बंदिस्त ठेवून अधिक काटेकोर प्रयोग केले, तेव्हा ही वाढ दिसेनाशी झाली. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे १८५७-५८ मध्ये झालेल्या प्रयोगांचा निष्कर्षही तोच निघाला. भाजण्यात मातीतील जीवाणू मरत होते, हे त्या काळी कोणाच्या ध्यानात येणे शक्य नव्हते. हा गुंता १८८६ मध्ये जर्मनीतील हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी सोडवला. नत्रहीन वाळूत ओट या तृणधान्याची वाढ घातलेल्या नायट्रेटच्या प्रमाणात होई. वाटाण्याच्या कुंड्यांत मात्र काही रोपे जोमाने वाढत आणि शेजारचीच काही उपासमारीने मरत. कुंड्यांत शेतातील मातीचा थोडा अर्क घातला की सगळी रोपे जोम धरत; तोच अर्क उकळून घातला तर काहीच फरक पडत नसे. अर्कातील सजीव घटक मुळांवर गाठी आणतो आणि गाठींमुळे नत्र मिळतो, हा निष्कर्ष त्यातून निघाला. इतक्या साध्या साधनांनी इतका जुना वाद मिटल्याची उदाहरणे वनस्पतिविज्ञानात थोडीच सापडतील. १८८८ मध्ये नेदरलँड्समधील बायेरिंक यांनी गाठींतील जीवाणू वेगळे करून वाढवले आणि १८८९ मध्ये त्यांना ऱ्हायझोबियम हे नाव मिळाले.

कार्यरत गाठ नखाने फोडली तर आतला भाग गुलाबी-लालसर दिसतो. हा रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा असून १९३९ मध्ये जपानी संशोधक कुबो यांनी ते हिमोग्लोबिनच्या जातीचे असल्याचे ओळखले. त्याची गरज एका पेचातून निर्माण होते : नत्र स्थिर करणारे नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनच्या संपर्कात निकामी होते, पण त्याला ऊर्जा पुरवणाऱ्या जीवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतोच. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजनला बांधून ठेवते आणि जीवाणूंपर्यंत अगदी कमी संहतीत, पण अखंड पोहोचवते. नत्राच्या एका रेणूपासून अमोनिया तयार होताना एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक द्रव्याचे किमान सोळा रेणू खर्ची पडतात आणि हा सारा खर्च वनस्पती प्रकाशसंश्लेषणातून मिळवलेल्या शर्करेतून भागवते.

गाठ तयार होण्यापूर्वी दोन्ही बाजूंमध्ये रासायनिक संकेतांची देवाणघेवाण होते. मुळांतून फ्लॅव्होनॉइड द्रव्ये स्रवतात, त्यांमुळे जीवाणूंची विशिष्ट जनुके जागृत होतात आणि ते ‘नॉड घटक’ नावाचा संकेतरेणू सोडतात. या रेणूची रचना १९९० मध्ये उलगडली. त्याच्या स्पर्शाने मूलरोमाचे टोक वळून आकड्यासारखे होते, त्या वळणात अडकलेले जीवाणू एका बारीक नळीतून आत शिरतात आणि त्याच वेळी मुळाच्या आतील पेशी विभागू लागतात. संकेत ओळखणारी ग्राही प्रथिने २००३ मध्ये सापडली. त्याआधी, २००२ मध्ये, या मार्गातील एक जनुक मुळांशी सहजीवन करणाऱ्या कवकांसाठीही (बुरशींसाठीही) आवश्यक असल्याचे आढळले होते. म्हणजे शिंबावंत वनस्पतींनी कवकांशी सहजीवनाची ४० कोटी वर्षांहून जुनी यंत्रणा नव्या कामाला लावली, असे मानावे लागते.

हे सहजीवन वनस्पती काटेकोरपणे नियंत्रित करते. जमिनीत नायट्रेट भरपूर असेल तर ती गाठी धरत नाही. गाठींची संख्या पानांकडून येणाऱ्या संदेशांनी मर्यादित राहते आणि हे नियंत्रण बिघडलेल्या उत्परिवर्तित रोपांवर गाठींचा सुकाळ होऊन ती खुरटतात. २००३ मध्ये सोयाबीनवर झालेल्या एका प्रयोगात गाठींभोवतीच्या हवेतील नत्र काढून त्याजागी आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरला. त्यामुळे जीवाणूंना काम करणे अशक्य झाले आणि वनस्पतीने त्यांचा ऑक्सिजन आखडता घेतल्याचे दिसून आले.

आनुवंशिकीचा प्रारंभही याच कुलात झाला. मेंडेल यांनी वाटाण्याच्या सात लक्षणांवरील निष्कर्ष १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. सुरकुतलेल्या दाण्यामागचे कारण मात्र १९९० मध्ये समजले : स्टार्चच्या रेणूंना फाटे फोडणाऱ्या विकराच्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसल्याने दाण्यात स्टार्च कमी बनतो, साखर साठते, तिच्यामुळे पाणी जास्त शोषले जाते आणि वाळताना साल सुरकुतते. सोयाबीनचा जीनोम (संपूर्ण जनुकीय आराखडा) २०१० मध्ये आणि हरभऱ्याचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाटाण्याच्या अवाढव्य जीनोमला २०१९ उजाडावे लागले.

फुलांच्या रचनेवरून पूर्वी या कुलाची पलाश, शिरीष आणि संकेश्वर अशी तीन उपकुले मानत. हरितलवकातील मॅटके जनुकाच्या तुलनेवरून २०१७ मध्ये सहा उपकुले ठरली आणि शिरीष गट संकेश्वर उपकुलात सामावला गेला. या सहांपैकी चार उपकुलांत गाठी आढळतच नाहीत. चिंच, अशोक, आपटा व कांचन त्यांतलेच आहेत. गाठी धरण्याचा गुण अनेकदा स्वतंत्रपणे उपजला, ही समजूत दीर्घकाळ होती. २०१८ मध्ये अनेक जीनोमांची तुलना झाली, तेव्हा गाठी नसलेल्या कित्येक वनस्पतींत एनआयएन हे गाठी घडवण्यातले कळीचे जनुक हरवलेले किंवा मोडलेले आढळले. हा गुण एकदाच उत्पन्न होऊन पुढे पुष्कळ वंशांत लोपला असावा, या मताला त्यामुळे बळ मिळाले. पॅरास्पोनिया हा भांगेच्या कुलातील वृक्ष ऱ्हायझोबियमसह गाठी धरतो, तर त्याच्या निकटच्या ट्रेमा वृक्षांत त्याच जनुकाचे अवशेष तेवढे उरले आहेत. तृणधान्यांना ही क्षमता देऊ पाहणाऱ्या प्रयोगशाळांना या जोडीचा विशेष उपयोग होतो. कवकांशी संवाद साधणारी जनुके भात व गव्हात आधीपासून आहेत. मुळाच्या आत गाठीचे अंग घडवणे आणि तेथे ऑक्सिजनचे नियमन साधणे हे दोन टप्पे मात्र तृणधान्यांत अद्याप सिद्ध झालेले नाहीत.