कमी बर्फाचा जास्त धोका

2024 च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार उघडेबोडके होते. फेब्रुवारीत जोरदार बर्फ पडला आणि 22 तारखेला अफरवटच्या उतारावर झालेल्या हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. अशी बातमी वाचली की वाटतं, बर्फ फार पडला म्हणून कोसळला. पण ताज्या बर्फाइतकंच महत्त्व त्याच्याखाली काय आहे याला असतं. आणि खालचा घात बऱ्याचदा बर्फ कमी असतानाच शिजलेला असतो.

समजा, हिवाळ्याच्या तोंडाशी अर्धा मीटर बर्फ पडला. पुढे तीन आठवडे आकाश निरभ्र, रात्री कडाक्याची थंडी. जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते, त्यामुळे तिला लागून असलेला बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो. वरचा पृष्ठभाग मात्र उणे 15 पर्यंत उतरतो. म्हणजे दर 10 सेंटिमीटरला 3 अंशांचा फरक. हा फरक साधारण 1 अंशाच्या वर गेला की खालच्या कणांमधली वाफ वर सरकते आणि वरच्या कणांवर गोठते. कणाकणांमधले सांधे झिजतात. उरतात ते कोरडे, टोकदार, सुटे दाणे. मूठभर उचला, जाड्या साखरेसारखे बोटांमधून गळून जातात. त्यांचा गोळा म्हणून वळत नाही.

तोच बर्फ दोन मीटर असता, तर 15 अंशांचा फरक दोन मीटरभर पसरला असता, दर 10 सेंटिमीटरला पाऊण अंश. एवढ्यात दाणे सुटे होत नाहीत, उलट हळूहळू एकमेकांना धरून बसतात.

मग मोठी हिमवृष्टी होते. वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला नेऊन ठासतो आणि साखरेवर एक घट्ट लादी तयार होते. उतार 30 ते 45 अंशांचा असला की आता फक्त कुणाच्या तरी पावलाची कमी असते. साखर एका ठिकाणी खचून बसली की भेग लादीखालून सरसर धावते आणि अख्खा उतार एकदम सुटतो. लादी सुटून अडकलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते पाऊल त्यांचं स्वतःचं किंवा सोबत्याचंच असतं.

सह्याद्रीत वाढलेल्यांना पकडीतला दगड ढिला आहे का, हे चाचपून कळतं. इथे जे चाचपायचं, ते तीन फुटांखाली असतं. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिमालयासाठी इशारे देते, पण ते जिल्ह्याजिल्ह्याचे असतात. तुमच्यासमोरच्या उताराचं तुम्हालाच बघावं लागतं.

त्यासाठी खड्डा खणतात. त्याच्या भिंतीतून करवतीने 30 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा खांब मोकळा करायचा, माथ्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि त्यावर थापट्या मारायच्या: 10 मनगटातून, 10 कोपरातून, 10 खांद्यातून. तेराव्या थापटीला वरचा ठोकळा ड्रॉवरसारखा अलगद पुढे सरकला, तर परत फिरायचं. खांब तिसाव्या थापटीपर्यंत टिकला, तरी मी त्याला परवानगी समजणार नाही. वीस पावलांवर वाऱ्याने वेगळाच थर रचलेला असू शकतो.

खड्ड्याहून स्पष्ट बोलतो तो पायाखालचा बर्फच. सपाटीवरून चालताना अचानक ‘धप्प’ असा खोल आवाज येतो, आजूबाजूचा बर्फ बोटभर खचतो, स्कीच्या टोकापासून भेग पुढे पळते. म्हणजे साखर आत्ताच बसली. सपाटी होती, म्हणून वरची लादी जागची हलली नाही.