इलॅस्टिकसर्चचा पासवर्ड रीसेट : अर्ज कोणी करायचा, काय लागतं, कुठे अडतं

बाणेरच्या आमच्या ऑफिसात इलॅस्टिकसर्च, म्हणजे माहिती साठवून त्यात शोध घेणारा सर्च सर्व्हर, मी सांभाळतो. पासवर्ड रीसेटचे अर्ज माझ्याकडे येतात आणि त्यातले निम्मे मलाच परत पाठवावे लागतात. काम दोन मिनिटांचं, पण नवीन पोरांचे दोन-दोन दिवस जातात. ते बघवत नाही, म्हणून लिहून ठेवतोय. माहिती आवृत्ती ८ पासूनची आहे.

आधी बघा, हा युजर नक्की राहतो कुठे. बहुतेक अर्ज इथेच पडतात. 'इलॅस्टिकसर्च-रीसेट-पासवर्ड' हे टूल दोनच प्रकारच्या युजरांना चालतं: सर्व्हरसोबत आलेले, म्हणजे 'इलॅस्टिक' किंवा 'किबाना सिस्टिम', आणि किबानातून (हा सर्व्हर ब्राउझरमधून हाताळायचं ॲप) तयार केलेले. कंपनीच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (सगळ्यांच्या लॉगिनची सामायिक यादी) लॉगिन होत असेल तर तुमचा पासवर्ड या सर्व्हरवर नसतोच. तो अर्ज डिरेक्टरीवाल्यांकडे द्या. कॉन्फिग फोल्डरमधल्या 'युजर्स' फाइलीत नाव असेल तर 'इलॅस्टिकसर्च-युजर्स' हे वेगळं टूल वापरायचं आणि बदल क्लस्टरच्या, म्हणजे एकत्र चालणाऱ्या मशीनांच्या गटातल्या, प्रत्येक मशीनवर करायचा.

आता कागदपत्रं. क्लस्टरमधल्या एका मशीनवर लॉगिन, तिथे सुडोचा (ॲडमिन म्हणून कमांड चालवायचा) अधिकार आणि मॅनेजरची मंजुरी, इतकंच. पण आमच्या फॉर्ममध्ये 'जुना पासवर्ड' असा सक्तीचा रकाना आहे. जुना आठवत असता तर माणूस अर्ज करायला आलाच नसता! टूलला तो लागत नाही, हे मी तीनदा लेखी कळवलंय, तरी रकाना जागचा हललेला नाही. तिथे सरळ 'माहीत नाही' लिहा. अंदाजाने काही भरू नका आणि आठवत असला तरी खरा पासवर्ड लिहू नका, कारण तो अर्ज चार-पाच जणांच्या हातून जातो.

मंजुरीची मुदत २४ तास, आणि ती मंजुरी मिळाल्या क्षणापासून मोजतात, तुम्ही मेल उघडल्यापासून नाही. गेल्या पावसाळ्यात एका मुलीला शुक्रवारी संध्याकाळी मंजुरी मिळाली. सोमवारी हिंजवडीहून भिजत येऊन ती बसली, तर लॉगिनच होईना. बिचारीला सगळा अर्ज पुन्हा भरावा लागला. शुक्रवारी दुपारनंतर अर्ज टाकू नका.

प्रत्यक्ष काम सोपं आहे. सर्व्हर चालू हवा. त्याच मशीनवर बिन फोल्डरमधलं टूल सुडोने चालवा, डॅश यू लावून युजरचं नाव द्या. स्वतःचा पासवर्ड टाकायचा असेल तर सोबत डॅश आय. किमान ६ अक्षरं लागतात. नाहीतर टूल स्वतःच पासवर्ड बनवून देतं. मग पुढे जायचं का, असा प्रश्न येतो आणि कंसात छोटा वाय, मोठा एन दिसतो. मोठा एन म्हणजे नुसतं एंटर दाबलं तर उत्तर 'नाही' धरलं जातं. किती जण एंटर दाबून 'झालं' म्हणून उठतात! वाय टाइप करा, मग एंटर. नवा पासवर्ड स्क्रीनवर एकदाच दिसतो, खिडकी बंद करण्याआधी नीट ठेवून द्या. त्यात चांदणीसारखी चिन्हं असू शकतात, म्हणून कमांडमध्ये वापरताना एकेरी अवतरणात घाला.

तरीही टूल अडलं तर दोन गोष्टी बघा. टूल आतल्या आत एक तात्पुरता फाइल-युजर तयार करून त्याच्यामार्फत पासवर्ड बदलतं, त्यामुळे सेटिंगमध्ये फाइल रेल्म (फाइलीतल्या युजरांना लॉगिन देणारी सोय) बंद असेल तर ते चालत नाही. आणि क्लस्टर लाल असेल, म्हणजे त्यातला काही डेटा उपलब्ध नसेल, तरी ते नकार देतं. जबरदस्तीने चालवायचा पर्याय आहे, पण आधी क्लस्टर का लाल झाला ते शोधा. जुन्या लेखांतलं 'सेटअप-पासवर्ड्स' हे टूल मात्र वापरू नका. ते पहिल्या मांडणीपुरतं होतं, 'इलॅस्टिक'चा पासवर्ड एकदा बदलला की चालत नाही.

'किबाना सिस्टिम'चा पासवर्ड बदलत असाल तर एक मिनिट थांबा. किबाना या युजरने सर्व्हरशी जोडलेला असेल तर जुना पासवर्ड किबानाच्या सेटिंगमध्येही लिहिलेला असतो. तिथे नवा टाकून किबाना रीस्टार्ट केला नाही, तर सगळ्या ऑफिसला 'किबाना सर्व्हर अजून तयार नाही' एवढंच दिसत राहील. हा बदल कामाच्या वेळेत करू नका, आणि किबाना उघडून स्वतः लॉगिन करून पाहिल्याशिवाय अर्ज बंद करू नका.