गरोदरपणातला ताण आणि हातातला फोन: एका चिंतेची पार्श्वभूमी

गरोदर बाई फोनवर फार वेळ असते म्हणून तिचा ताण वाढतो, की ताण असतो म्हणून ती फोन हातात घेते? या प्रश्नाचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही. मात्र हा प्रश्न कुठून आला हे पाहिलं, की त्यात आईला दोष देण्याची किती जुनी सवय मिसळली आहे ते कळतं.

आईच्या मनात येईल ते बाळाच्या अंगावर उमटतं, असं युरोपात अठराव्या शतकात शिकलेले डॉक्टरही मानत. १७२६ मध्ये इंग्लंडमधल्या मेरी टॉफ्ट या बाईने आपल्या पोटी सशांची पिल्लं जन्मल्याचा दावा केला, तेव्हा राजाच्या पदरी असलेल्या शल्यचिकित्सकानेही तो खरा मानला. ते ढोंग लवकरच उघडकीला आलं. तरीही बाळात काही व्यंग निघालं की गरोदरपणी आईने काय पाहिलं, कशाला घाबरली, याची चौकशी पुढेही होतच राहिली.

ताणाला शास्त्रीय आधार मिळायला विसावं शतक उजाडलं. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की इजा कोणतीही असो, शरीराचा प्रतिसाद बराचसा ठरावीक असतो. पुढे ताणात वाढणाऱ्या कॉर्टिसोल या संप्रेरकाचा अभ्यास वाढला. आईच्या रक्तातलं बरंचसं कॉर्टिसोल गर्भाशयात बाळाला पोसणारी वार निष्क्रिय करते, म्हणजे बाळापुढे एक गाळणीच असते. दीर्घ चिंतेत ही गाळणी कमी पडत असावी, असे संकेत आहेत.

पण गरोदर बायकांना मुद्दाम ताण देऊन प्रयोग करता येत नाहीत. म्हणून संशोधक आपत्तींकडे वळले. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये गोठत्या पावसाचं वादळ आलं, लाखो घरांची वीज गेली, काही ठिकाणी ती कित्येक आठवडे आली नाही. तेव्हा गरोदर असलेल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा माग सुझन किंग यांच्या गटाने वर्षानुवर्षं ठेवला. बाई किती घाबरली आणि तिच्या वाट्याला प्रत्यक्ष किती हाल आले, हे त्यांनी वेगवेगळं मोजलं. मुलं दोन वर्षांची झाल्यावर त्यांच्या आकलनाशी आणि भाषेशी संबंध दिसला तो मुख्यतः प्रत्यक्ष हालांचा. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा निष्कर्ष वाटतो, कारण तो आईच्या स्वभावाकडून तिच्या परिस्थितीकडे लक्ष वळवतो.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ च्या सुमारास गरोदर असलेल्या हजारो बायकांच्या अभ्यासातून २००२ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ज्यांची चिंता फार जास्त होती, त्यांच्या मुलांत चौथ्या वर्षी वर्तनाच्या अडचणी दिसण्याची शक्यता साधारण दुप्पट होती. मात्र अशा आयांचीही बहुतेक मुलं व्यवस्थित होती. बातम्यांत पहिलं वाक्य येतं, दुसरं गळतं.

फोन या गोष्टीत आला तो त्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरींच्या भीतीतून. २००८ मध्ये डेन्मार्कमधल्या १३ हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासात आईचा मोबाइल वापर आणि सातव्या वर्षीचं मुलाचं वर्तन यांत संबंध आढळला. २०१७ मध्ये पाच देशांतल्या ८० हजारांहून जास्त आई-मुलांच्या जोड्यांची माहिती एकत्र केली, तेव्हाही अतिचंचलतेशी तसाच संबंध दिसला. पण फोनवर जास्त बोलणारी आई इतर बाबतींतही वेगळी असू शकते. कारण फोनच आहे, असं या अभ्यासांवरून सिद्ध होत नाही. शिवाय तेव्हाचा फोन मुख्यतः बोलण्यासाठी होता.

स्मार्टफोन घरोघरी पोचल्यावर भीतीचा विषय बदलला आणि व्यसनाची भाषा सुरू झाली. तिची सुरुवात १९९६ च्या सुमाराची. तेव्हा किम्बर्ली यंग यांनी जुगाराच्या व्यसनाचे निकष इंटरनेटला लावले. २०१३ मध्ये दक्षिण कोरियात स्मार्टफोनच्या व्यसनासाठी दहा प्रश्नांची छोटी मोजपट्टी तयार झाली, तीही किशोरवयीन मुलांसाठी. पुढे तीच गरोदर बायकांना लावली जाऊ लागली. रात्री दोन वाजता बाळाची हालचाल कमी वाटली म्हणून माहिती शोधणारी बाई आणि तासन्‌तास व्हिडिओ पाहणारी बाई यांतला फरक या मोजपट्टीला फारसा कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली, स्मार्टफोनच्या व्यसनाला नाही.

२०२० च्या साथीत तर तपासणीही अनेकींसाठी फोनवर आली आणि माहेरच्या माणसांचा आवाजही. त्या काळात फोनचा वापर आणि चिंता दोन्ही वाढली असतील, तर कोणामुळे काय वाढलं हे एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून कळणं शक्य नाही. झोपेचा दुवा त्यातल्या त्यात ठोस आहे. संध्याकाळी उजळ पडद्यावर वाचलं तर झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा वाढतं आणि झोप यायला उशीर होतो, हे २०१४ च्या एका छोट्या प्रयोगात दिसलं. त्यातले लोक गरोदर नव्हते. पण गरोदरपणात झोप आधीच तुटक असते, हे विसरून चालणार नाही.

जगात सुमारे १० टक्के गरोदर बायकांना मानसिक आजाराचा, मुख्यतः नैराश्याचा त्रास होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हे नैराश्य ओळखायला १९८७ पासून एडिंबरामध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची यादी वापरात आहे. मुळात बाळंतपणानंतरसाठी केलेली ही यादी आता गरोदरपणातही वापरतात. त्यातला एक प्रश्न असा, की काही बिघडलं तेव्हा विनाकारण स्वतःला दोष दिलात का. आजाराचं हे लक्षण तिथे गुण देऊन मोजलं जातं, आणि फोनचे तास मोजून आईला धास्तावणारे मथळे नेमकं तेच वाढवतात.