दहा लाखांचे मॅट्रिक्स आणि वीस शून्ये

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत एका ओळीतल्या वेलींची स्थिती कळली, की शेजारच्या ओळीत भुरी कुठे पोहोचेल याचा अंदाज बांधता येतो आणि ओळीमागून ओळ घेत सारी बाग हिशेबात येते. सांख्यिकी भौतिकीतल्या (असंख्य कणांच्या मांडण्या मोजणाऱ्या शास्त्रातल्या) जाळ्याही याच क्रमाने मोजतात. एका ओळीवरून पुढच्या ओळीवर नेणारा संख्यांचा तक्ता म्हणजे ट्रान्सफर मॅट्रिक्स.

उदाहरण बर्फाचे. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनजवळ दोन हायड्रोजन असतात आणि दोन जरा लांब, म्हणून चौकोनी जाळीच्या प्रत्येक बिंदूवर सहाच मांडण्या संभवतात. प्रत्येक रेणूमागे सुमारे 1.5 मांडण्या, हा रसायनशास्त्रज्ञ लिनस पॉलिंग यांचा 1935 चा अंदाज. चौकोनी बर्फासाठी नेमके उत्तर, 4/3 चा 3/2 घात म्हणजे सुमारे 1.5396, एलियट लीब यांनी 1967 मध्ये काढले. जाळी पुरेशी उंच असेल तर हे उत्तर मॅट्रिक्सच्या सर्वांत मोठ्या आयगेनमूल्यावरून मिळते (मॅट्रिक्सने गुणल्यावर संख्यांच्या काही खास याद्या, म्हणजे आयगेनसदिश, फक्त काही पटींनी बदलतात; ती पट म्हणजे आयगेनमूल्य). मात्र प्रत्येक स्तंभात दोन शक्यता असल्याने अवघ्या 20 स्तंभांच्या जाळीलाही 2 चा 20 वा घात, म्हणजे 10,48,576 ओळींचे मॅट्रिक्स लागते.

सुटका होते ती एका चलामुळे. मांडण्यांच्या भारांमध्ये (प्रत्येक मांडणीला दिलेल्या संख्यांमध्ये) 'यू' हा चल योग्य रीतीने गुंफला, तर वेगवेगळ्या 'यू'ची मॅट्रिक्स कोणत्याही क्रमाने गुणली तरी गुणाकार तोच येतो (माझ्या मते या विषयातले खरे नवल एवढेच, बाकीचे ओघाने येते). त्यामुळे आयगेनसदिश 'यू'वर अवलंबून राहत नाहीत, आणि मॅट्रिक्समधल्या नोंदी साइन फलांच्या गुणाकारांनी बनलेल्या असल्याने आयगेनमूल्यही तसेच साधे फल ठरते. असे फल त्याच्या शून्यांवरून (ज्या 'यू'ला फलाची किंमत शून्य होते त्यांवरून), एक स्थिरांक वगळता, पूर्ण ठरते, आणि 20 स्तंभांसाठी एका आवर्तनात अशी शून्ये जास्तीत जास्त 20.

ती संमिश्र प्रतलावर (वास्तव आणि काल्पनिक भाग मिळून बनणाऱ्या संख्यांच्या नकाशावर) कुठे बसतात? भौतिकशास्त्रज्ञ रॉडनी बॅक्स्टर यांनी 1972 मध्ये 'क्यू' हे सहायक फल आणले: आयगेनमूल्य गुणिले 'क्यू' बरोबर दोन पदांची बेरीज. 'क्यू' शून्य होते तिथे त्या दोन पदांची बेरीज शून्य झालीच पाहिजे, आणि ही अट म्हणजेच भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांनी 1931 मध्ये चुंबकी साखळीसाठी (ओळीत मांडलेल्या सूक्ष्म चुंबकांसाठी) वेगळ्याच वाटेने गाठलेली समीकरणे. आयगेनमूल्याची शून्ये ही त्याच अटीची उरलेली उत्तरे होत.

मुक्त ऊर्जेसाठी (सर्व मांडण्यांचा एकत्रित हिशेब सांगणाऱ्या राशीसाठी) आयगेनमूल्याचा लॉगरिदम घ्यावा लागतो, आणि तो शून्यापाशीच बिघडतो. म्हणून सर्वांत मोठ्या आयगेनमूल्यासाठी प्रतलावरचा एक पट्टा शून्यरहित आहे हे कळले, की फूरिए विश्लेषणाने (फल साध्या लहरींच्या बेरजेत मांडून) उत्तर मिळते. खालच्या आयगेनमूल्यांची काही शून्ये मात्र त्या पट्ट्यात शिरतात. पुष्कळदा शून्यांची ही मांडणी लहान जाळ्यांवर संगणकाने पाहून मोठ्या जाळीसाठी गृहीत धरली जाते आणि काटेकोर सिद्धता मागे राहते.