महाबळेश्वरपेक्षा निफाड गार का?

थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्रातला तापमानाचा तक्ता नाशिककर न चुकता बघतात. त्या तक्त्यात दरवर्षी एक कोडे छापून येते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर आहे, तर नाशिक जिल्ह्यातले निफाड साडेपाचशेच्या आसपास. वर जावे तशी हवा किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंशांनी गार होते, हे आपण शाळेत शिकलो. त्या हिशेबाने महाबळेश्वर निफाडपेक्षा पाचेक अंशांनी गार असायला हवे. पण डिसेंबर-जानेवारीत कित्येक पहाटे महाबळेश्वरचा पारा बारा-तेरावर असतो आणि निफाडचा सहा-सातवर.

हे कोडे सुटले की नाशिकच्या थंडीबद्दलच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या का पेटवतात, त्यातले काय उपयोगाचे आणि काय नाही, हेही त्यातूनच कळते.

आपल्याकडच्या थंडीचा एक भाग बाहेरून येतो आणि दुसरा इथेच, आपल्या रानात, रात्रभरात तयार होतो. बाहेरचा भाग बहुतेकांना माहीत असतो. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ, म्हणजे कमी दाबाचे पट्टे, हिवाळ्यात हिमालयावर बर्फ टाकून पुढे जातात आणि त्यांच्या पाठोपाठ उत्तरेचे कोरडे, गार वारे खाली उतरतात. राजस्थान, मध्य प्रदेश, मग खानदेश आणि सातमाळ्याचे डोंगर ओलांडून नाशिक. म्हणूनच धुळे-जळगाव काकडायला लागले की एक-दोन दिवसांत आपलीही पाळी येते.

पण हे वारे आणतात त्यात गारव्याइतकाच कोरडेपणा महत्त्वाचा असतो. सूर्य मावळल्यावर जमीन दिवसभर साठवलेली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडू लागते. हवेत बाष्प किंवा ढग असतील तर ते यातली बरीच उष्णता शोषतात आणि पुन्हा खाली पाठवतात. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की हा परतावा घटतो. अशा रात्री दर चौरस मीटर जमिनीतून साधारण साठ ते शंभर वॅट इतकी उष्णता निघून जात असते, आणि जानेवारीची रात्र तेरा तासांची असते. जमीन गार पडते, तिला चिकटलेली हवा गार पडते, आणि वारा नसेल तर वरची ऊबदार हवा खाली मिसळतच नाही. मग थरांची उलटापालट होते. पायाशी गारठा आणि वीस-पंचवीस मीटरवर कितीतरी कमी थंडी, अशी परिस्थिती पहाटेपर्यंत टिकते.

गार हवा जड असते, त्यामुळे ती उतारावरून पाण्यासारखी वाहत जाते आणि सखल जागी साचते. महाबळेश्वर पठाराच्या माथ्यावर असल्याने तिथली गार हवा दरीत घरंगळून जाते. निफाड गोदावरी आणि कादवेच्या सपाट, मोकळ्या खोऱ्यात बसले आहे. आजूबाजूच्या चढावरची हवा तिथे येऊन थांबते, आणि सिमेंट-डांबराची दाटी नसल्याने रात्री ऊब सोडणारे फारसे काही नसते. नाशिक शहरात भिंती आणि रस्ते दिवसाची उष्णता रात्रभर हळूहळू सोडत राहतात, म्हणून शहराचा आकडा निफाडच्या दोन-तीन अंश वरच राहतो. गंमत म्हणजे महाबळेश्वरलाही हाच नियम लागू होतो. तिथे हिमकण दिसल्याच्या बातम्या येतात त्या वेण्णा तलावाच्या परिसरातून, म्हणजे सखल भागातून.

आता आकड्यांकडे वळू. वेधशाळेतला तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीवर असतो. ही स्टीव्हन्सन पेटी. थेट आकाशाकडे उष्णता फेकणारे गवताचे पाते पेटीतल्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी सहज गार होते. म्हणून पारा तीन-चारवर असतानाच निफाडच्या शिवारात दवबिंदू गोठलेले दिसतात. पहाटे बागेत गेलात तर ठिबकच्या काळ्या नळीवर, वाळल्या पाचटावर, उघड्यावर लावलेल्या मोटारसायकलच्या सीटवर पांढरा खरखरीत थर असतो. बोट फिरवले की तो वितळून ओला पट्टा उमटतो. पण तीच मोटारसायकल पत्र्याच्या शेडखाली असेल तर सीट कोरडी राहते. शेडमधली हवा जवळपास तितकीच गार असते, पण सीट आणि आकाश यांच्यामध्ये पत्रा आलेला असतो.

नाशिकच्या नोंदीतला सर्वांत नीचांकी आकडा ७ जानेवारी १९४५ चा, ०.६ अंश सेल्सिअस. पेटीत ०.६ म्हणजे गवतावर शून्याच्या बरेच खाली. त्या पहाटे उघड्या रानात काय झाले असेल याची कल्पना करता येते. अलीकडच्या काळात फेब्रुवारी २०१२ ची लाट अनेकांच्या लक्षात आहे. नाशिकला २.७ अंश, आणि त्याच लाटेत ९ फेब्रुवारीला मुंबईत सांताक्रूझला ८.८. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडला पारा १.८ अंशांपर्यंत उतरला. नाशिक-निफाडच्या या तीन आकड्यांची थेट तुलना करू नये असे मला वाटते. नाशिक आणि निफाड या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि १९४५ चे नाशिकही आजच्यापेक्षा कितीतरी लहान, मोकळे गाव होते.

घरातली वडीलधारी माणसे 'पूर्वी थंडी जास्त होती' म्हणतात, त्यात तथ्य आहे. भारताचे सरासरी तापमान विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सुमारे ०.७ अंशाने वाढले आहे, आणि वाढत्या शहराने त्यात आपली भर घातली आहे. पण आठवणीत थंडी आकड्याने राहत नाही, नुकसानीने राहते. २०१२ ची लाट फेब्रुवारीत आली, ऐन द्राक्षकाढणीच्या तोंडावर, म्हणून ती ज्यांच्या बागा होत्या त्यांच्या मनात इतकी ताजी आहे. तेवढाच पारा डिसेंबरात घसरला असता तर गव्हाच्या शेतकऱ्याला कदाचित बरेच वाटले असते. गव्हाला फुटवे यायला थंडी लागते. निफाडजवळच्या कुंदेवाडीत गहू संशोधन केंद्र आहे ते उगाच नाही. 'त्र्यंबक' आणि 'तपोवन' हे गव्हाचे वाण याच केंद्राचे.

द्राक्षाचे दुखणे वेगळे आहे. युरोपात हाच वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जातो आणि त्या अवस्थेत उणे पंधरा अंशही सोसतो. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी करून आपण त्याला वर्षभर जागाच ठेवतो. त्यामुळे थंडीची लाट येते तेव्हा वेलावर हिरवी पाने असतात, घड लटकत असतात. दहा अंशांच्या खाली वेलाची वाढ जवळजवळ थांबते, मण्यांची फुगवण रखडते, साखर भरायला वेळ लागतो. पिकत आलेल्या मण्यांना तडे जातात, कारण रात्री पानांतून पाणी बाहेर पडत नाही, वरून दव बसते आणि मण्यातला दाब सालीला पेलवत नाही. रात्र फार गार आणि दुपार उन्हाची असली की थॉमसन जातीच्या हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा चढते. खायला त्यात काही वावगे नसते, पण निर्यातीत तो माल नाकारला जातो. म्हणून एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा. एकरात हजारो घड असतात, आणि हे काम बहुतेक बायकांच्या हातांनी होते. त्यांची मजुरी धरल्याशिवाय थंडीने किती नुकसान झाले हे सांगताच येणार नाही.

शेकोट्यांचे शास्त्र नीट समजून घेण्यासारखे आहे. धुराने बाग वाचते असा समज आहे, पण धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी लांब लहरींची, म्हणजे अवरक्त, उष्णता ते फारशी अडवत नाहीत. उलट सूर्य उगवल्यावर तोच धूर ऊन अडवतो आणि बाग तापायला उशीर लावतो. बाग वाचते ती आगीच्या उष्णतेने. त्यातही एक मोठा जाळ केला तर त्याची गरम हवा वरचा ऊबदार थर भेदून सरळ निघून जाते. बांधाने ठिकठिकाणी लहान लहान शेकोट्या केल्या तर गरम हवा थोडी वर जाऊन थांबते आणि बागेतच फिरत राहते. प्लास्टिक किंवा टायर जाळणे तर पूर्ण टाळावे. त्या धुराने बागेचे भले होत नाही आणि माणसाच्या छातीचे वाटोळे होते.

शेकोटीपेक्षा पाणी भरवशाचे. विहिरीचे पाणी हिवाळ्यातही चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास असते, म्हणून पहाटे त्याच्यावर वाफ दिसते. ते बागेत सोडले की स्वतःची उष्णता तर देतेच, शिवाय ओली जमीन खालची ऊब वर आणते, जी कोरडी, भेगाळलेली काळी जमीन आणू शकत नाही. हवेतले बाष्प वाढले की दव पडते, आणि बाष्पाचे पाणी होताना बाहेर पडणारी उष्णता पारा घसरण्याचा वेग कमी करते. फक्त हे पाणी द्यायला कोणीतरी अंथरुणातून उठावे लागते. शेतीची वीज रात्रपाळीची असेल तर गव्हाला पाणी द्यायलाही मध्यरात्रीच जावे लागते. दिवसा वीज मिळावी ही मागणी सोयीपुरती समजली जाते. रात्री दोन वाजता, पाच-सहा अंशांत, गुडघाभर चिखलात उभे राहिलेल्या शरीराचे काय होते ते बघितले तर ती आरोग्याची मागणी आहे.

गार पाण्यात शरीराची उष्णता तितक्याच गार हवेपेक्षा वीसपटींहून जास्त वेगाने जाते. ती वाचवायला कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आतल्या अवयवांकडे वळते, रक्तदाब चढतो आणि हृदयावर ताण येतो. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णांना पहाटेचा गारठा बाधतो तो यामुळे. त्यांनी फिरायला जायची वेळ ऊन आल्यावर ठेवावी, कारण पारा सर्वांत खाली असतो तो सूर्योदयाच्या सुमारास, मध्यरात्री नाही. थंडीत तहान कमी लागते, म्हातारी माणसे पाणी पिणेच विसरतात, आणि त्याने रक्त आणखी दाट होते. दारूने ऊब येते ही समजूत तर घातक आहे. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, म्हणून गरम वाटते, पण त्याच वाटेने आतली उष्णता बाहेर जात असते. रामकुंडाजवळ किंवा बसस्थानकाच्या आवारात उघड्यावर झोपणाऱ्यांना याचा धोका सर्वांत जास्त. त्यांच्यासाठी पांघरुणाइतकेच अंथरूणही महत्त्वाचे, कारण गार फरशी खालून सतत ऊब ओढत असते. घोंगडी वाटणाऱ्यांनी सोबत जाड पुठ्ठा किंवा सतरंजी द्यावी.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती बंद खोलीतल्या शेगडीची आणि बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरची. हवा अपुरी पडली की कोळसा आणि गॅस दोन्ही जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. डोके दुखते, गरगरते, झोप आल्यासारखे वाटते आणि माणूस जागचा हलू शकत नाही. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. ते जमत नसेल तर आधी बादली भरावी, गिझर बंद करावा आणि मगच दार लावावे. निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवून कोणीही झोपू नये, बाळंतिणीच्या खोलीत तर नाहीच. कोणी आत बेशुद्ध सापडले तर आधी दारे-खिडक्या उघडून त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणावे, १०८ ला फोन करावा, आणि खोलीत शेगडी किंवा गिझर चालू होता हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.